आत्याची राहिलेली वजाबाकी

आमच्या आत्याला चूक खपत नाही. पोस्टमननं दुसऱ्याचं पत्र आमच्या दारात टाकलं तर ती ते घेऊन तीन जिने उतरते, त्याला रस्त्यात गाठते आणि पत्ता मोठ्यानं वाचून दाखवते. दवाखान्याच्या फळ्यावर एकदा वार चुकला होता, तर हिनं खडू मागून घेतला आणि स्वतः दुरुस्त केला. पंचाहत्तरी गाठली तरी प्रत्येक कागद डोळ्यांत तेल घालून वाचायचा, ही तिची खोड. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे मजकूर छापायच्या आधी त्यातल्या चुका काढते. पण आमच्या घरात या कामातली खरी उस्ताद तीच. मी आपली पगारापुरती.

आम्ही दोघीच. दोन खोल्या, तिसरा मजला, आणि खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. माझी आई मी तान्ही असतानाच तापानं गेली. मी पाच वर्षांची असताना बाबा गोळी लागून गेले. बाबांच्या या धाकट्या बहिणीनं मला वाढवलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर सांभाळतेय तेवढं पुरे, त्यात आणखी नवरा कुठे सांभाळू?" लोक हसायचे आणि विषय मिटायचा. मलाही ते कारण बरीच वर्षं पटलेलं होतं.

बाबा कसे गेले ते गावात शेंबडं पोरही सांगेल. आपण लढाई हरलो, जिंकणाऱ्यांचं सैन्य गावात आलं आणि सहा वर्षं राहिलं. पहिल्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांच्या गस्तीनं पुलाच्या उतारावर पाच माणसांवर गोळ्या झाडल्या. पाचही जागच्या जागी गेले. संचारबंदी आठला सुरू झाली होती आणि हे आठ चाळीसला रस्त्यावर होते. पाठीवर कोळशाची पोती होती, पण कोळशाची वखार तर साडेसातला बंद व्हायची. मग मधला तासभर हे पाच जण होते कुठे? गावानं त्याचं उत्तर शोधलं. गुप्त बैठकीला गेले असणार, पोत्यात कोळशाखाली पत्रकं असणार. सैन्य गेल्यावर पुलापाशी दगडी खांब उभा राहिला. त्यावर पाच नावं आणि वर ठळक अक्षरांत, ‘संचारबंदी झुगारून’.

माझ्याकडे तर या गोष्टीचा पुरावाच होता. बाबांच्या कोटाच्या खिशात सापडलेली वखारीची चिठ्ठी. मी दहा वर्षांची झाले तेव्हा आत्यानं ती माझ्या हातात ठेवली होती. "तुझी आहे, जपून ठेव," एवढंच म्हणाली. तिच्यावर तारीख आणि वेळेचा शिक्का आहे, सात वीस. वखारीपासून पोतं घेऊन पुलापर्यंत यायला वीस मिनिटं लागतात, मी स्वतः चालून पाहिलंय. सात वीसला निघालेला माणूस सात चाळीसला पुलावर हवा. बाबा आठ चाळीसला होते. मधला तो एक तास माझा होता. त्या तासात बाबा एका तळघरात बसलेले मला दिसायचे. हळू आवाजात बोलायचे, लोक त्यांचं ऐकायचे. बाबांचा चेहरा मला नीट आठवत नाही, पण त्या तासातले बाबा मी इतके पाहिलेत की विचारू नका. दरवर्षी खांबापाशी कार्यक्रम होतो आणि त्यात मी त्या एका तासावर भाषण करते. सुतावरून स्वर्ग गाठला होता मी, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

आत्या त्या कार्यक्रमाला कधी आली नाही. त्या दिवशी तिचा गुडघा दुखायचा. वर्षातून तेवढाच एक दिवस.

आत्या त्या सैन्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. त्यांची भाषा तिला येत होती, घरी दुसरं मिळवतं कुणी नव्हतं, गेली. बाबा गेल्यानंतरही पुढची साडेपाच वर्षं ती रोज त्याच कचेरीत, त्याच टेबलावर बसत होती. सैन्य गेल्यावर गावानं त्या कचेरीतल्या माणसांचं काय केलं ते मी लहान असले तरी पाहिलंय. एकीचे केस भर चौकात कापले. एकाच्या घराला बाहेरून कडी लावून त्याला आठ दिवस कोंडून ठेवलं. आत्याच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. खांबावरच्या नावाची बहीण ना ती.

आता झालं असं की नगरपालिकेनं त्या सहा वर्षांचा इतिहास लिहून घ्यायचं ठरवलं. काम दिलं एका प्राध्यापकांना. माणूस सज्जन, पण कागदाचा किडा. दोन कागद एकमेकांशी जुळल्याशिवाय स्वल्पविरामही टाकणार नाही. पुस्तक आमच्याच छापखान्यात आलं आणि मुद्रितं माझ्या टेबलावर. असलं काम दोघांनी करायचं असतं. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्या पानावर नजर ठेवायची. रविवारी मी पानं घरी आणायचे आणि आत्या मला वाचून दाखवायची. तिचं वाचन स्वच्छ, एकेक शब्द सुटा.

एका रविवारी आम्ही पुलाच्या पानावर आलो. आत्या वाचत होती, "संचारबंदी रात्री आठपासून जाहीर झालेली असताना हे पाच नागरिक सात वाजून चाळीस मिनिटांनी..."

"आठ चाळीस," मी म्हणाले. "छापलंय आठ चाळीस. तिथे काय आहे?"

"इथेही आठच आहे."

"मग सात काय वाचतेस? चष्मा पूस."

"चष्मा स्वच्छ आहे." तिनं कागद मांडीवर ठेवला. "लिहिलंय आठ. पण ते सात आहे. मला आठ वाचता येत नाही गं. मघापासून प्रयत्न करतेय."

आणि मग तिनं सांगितलं. टाइप करताना बसायची तशी ताठ बसून, मान खाली न घालता.

सैन्य आपल्या देशाची वेळ पाळायचं. आपल्याहून एक तास पुढे. कचेरीच्या भिंतीवर त्यांचं घड्याळ आणि हुकूमही त्याच वेळेचे. गावासाठी नोटीस टाइप करताना आत्या प्रत्येक वेळेतून एक तास वजा करायची. नोटिशीच्या तळाशी ओळच असायची, ‘वेळा गावच्या घड्याळाप्रमाणे’. तिची कामाची पद्धत ठरलेली होती. हुकुमातल्या एका वेळेतून तास वजा करायचा, टाइप करायची, मग त्या वेळेवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. खूण नाही म्हणजे वजाबाकी राहिली.

"त्या दिवशी हुकुमात पाच वेळा होत्या," ती म्हणाली. "मेजर दारात उभा राहून बोटं वाजवत होता. लवकर, लवकर. मी घाईत पाचही वेळांवर आधी खुणा करून टाकल्या आणि मग टाइप करायला घेतलं. चार वजा केल्या. मध्येच त्यानं काहीतरी विचारलं. परत कागदाकडे पाहिलं तर पाचवीवर खूण होती."

"पाचवी कुठली?"

"संचारबंदीची. एरवी आपले नऊ असायचे. त्या दिवशी त्यांच्या गोदामात काही गडबड झाली म्हणून अलीकडे आणली. त्यांचे आठ. म्हणजे आपले सात. मी आठच टाइप केले. दुपारी गावभर चिकटवले."

मी हिशेबाला कच्ची नाही. तरी एवढीशी वजाबाकी करायला मला बराच वेळ लागला. गस्तीचे आठ चाळीस म्हणजे गावचे सात चाळीस. सात वीसला वखार, सात चाळीसला पूल.

"मग बाबा..."

"वेळेत होता. पाचही जण वेळेत होते. अजून वीस मिनिटं हातात आहेत असं समजून चालले होते."

"आणि बैठक?"

बैठक नव्हती. तळघर नव्हतं. हळू आवाजातलं बोलणं नव्हतं. मुळात तो तासच नव्हता. एक माणूस पोतं पाठीवर घेऊन घरी येत होता, एवढंच होतं.

मी म्हटलं, चूक झाली असेल, पण दुसऱ्या दिवशी गावाला कळलं कसं नाही? तर घड्याळं होती कुणाकडे, ती म्हणाली. घरोघरची घड्याळं सैनिकांनी पहिल्याच आठवड्यात काढून नेली होती, गावच्या वेळेचं एक वखारीत तेवढं राहिलं होतं. हिवाळ्याची संध्याकाळ, वीज नाही, सहालाच मिट्ट काळोख. दोघातिघांनी म्हटलंही की एवढा उशीर झाला नव्हता. पण मग सैन्याचं निवेदन लागलं, गोळीबार आठ चाळीसला. संपलं.

"ते निवेदन कुणी टाइप केलं?" मी विचारलं.

"मीच," आत्या म्हणाली. "दोन दिवसांनी बोलावून घेतलं. मेजरनं माझी नोटीस आणि गस्तीचा अहवाल शेजारी शेजारी ठेवले. त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणाला, दोन्ही कागद एकाच घड्याळात राहू देत, तुझ्याच भल्याचं आहे. मी आठ चाळीसवर पेन्सिल टेकवली, आणि वजा न करता टाइप केलं. पहिली चूक होती. ही चूक नव्हती."

चार महिन्यांनी सैन्यानंही गावची वेळ घेतली. दोन घड्याळं होती हेच लोक विसरून गेले.

मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. "माझा बाप घालवलास आणि वर त्याच्याच नावाच्या आडोशाला बसलीस," असं म्हणाले. हेही म्हणाले की मला वाढवलंस ते काही मायेनं नाही, फेड म्हणून. ती एका शब्दानं उलटली नाही. त्याचाच मला जास्त राग आला. एरवी स्वल्पविरामासाठी भांडणारी बाई, आणि आता ‘हो’ म्हणून मोकळी.

तीन दिवस आम्ही बोललो नाही. दोन खोल्यांत अबोला धरणं सोपं नसतं. ती इकडे आली की मी तिकडे, मी चहा ठेवायला गेले की ती खिडकीपाशी, त्या भिंतीकडे बघत. जायला दुसरी जागा दोघींनाही नव्हती.

चौथ्या दिवशी ती मला न सांगता प्राध्यापकांकडे गेली. मला कळलं ते दुपारी, प्राध्यापक स्वतः छापखान्यात आले तेव्हा.

"तुमच्या आत्याबाई येऊन गेल्या," ते हळूच म्हणाले. "मी त्यांचा मान ठेवून ऐकलं. पण बघा, नोटीस आठ म्हणते, निवेदन आठ चाळीस म्हणतं. दोन्ही कागद अस्सल आहेत आणि एकमेकांशी जुळतात. मूळ हुकूम सैन्य जाताना घेऊन गेलं. निवेदनातली वेळ दुसऱ्या घड्याळाची होती असं दाखवणारा एक तरी कागद द्या, मी अख्खं पान बदलतो. नुसत्या आठवणीवर कसं लिहू?"

जुळणारच की कागद. दोन्ही एकाच यंत्रावर एकाच बाईनं टाइप केलेत. हे ओठांवर आलेलं मी गिळलं. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि बाप माझ्या कपाटात, साड्यांखाली, वहीत ठेवलेला होता. सात वीसचा शिक्का एकट्यानं काही सांगत नाही. पण आत्याच्या सांगण्याशेजारी ठेवला की दोन्ही सरकारी कागद खोटे पडतात. मी प्राध्यापकांना म्हटलं, "बघते." आणि बघितलं नाही.

आत्यानं चिठ्ठी मागितली असती तर मी भांडले असते. ती मागेना. मीच चिडून विचारलं, "मागत का नाहीस?"

"दिलेली वस्तू परत कशी मागू? तुझी आहे ती."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं मला. चिठ्ठी दिली तर खांबावरचे शब्द खोटे, माझी भाषणं खोटी, आणि म्हातारपणी आत्याच्या तोंडावर गाव थुंकणार. न द्यावी तर मी रोज चुका काढायचा पगार घेते आणि बापाच्या मरणाची वेळ तेवढी चुकीची छापू देते.

त्याच आठवड्यात एक साधं काम निघालं. पाच जणांत एक सायकल दुरुस्त करणारा होता. त्याचं वय एका पानावर चौतीस, दुसऱ्यावर छत्तीस छापलं होतं. त्याची बायको अजून आहे, ऐंशीची. म्हटलं, तिलाच विचारावं. बोळाच्या टोकाला एक खोली, बाहेर अजून नवऱ्याचा हवा भरायचा पंप गंजून पडलेला. तिला लिहितावाचता येत नाही. चौतीस म्हणाली, लगेच. मी उठायला लागले तर तिनं माझा हात धरला.

"काय गं, पुस्तकात लिहिलंय का, तो तासभर कुठे होता ते?"

"बैठकीला होते असं म्हणतात, काकू," मी म्हणाले.

"ते गाव म्हणतं. हा कसला जातोय बैठकीला. सायकल सोडून दुसऱ्या कशावर चार शब्द बोलला नाही जन्मात. मीच पाठवलं होतं त्याला कोळशाला. सरळ जा आणि सरळ ये म्हटलं होतं." तिनं माझा हात सोडला नाही. "पलीकडच्या गल्लीत एक होती. शिवणकाम करायची. तिची सायकल हा फुकट दुरुस्त करून द्यायचा. तिच्याकडे बसला असणार. सेहेचाळीस वर्षं मी त्या खांबाला हार घालते, आणि घालताना दरवेळी मनात येतं की मेल्या, वेळेवर घरी आला असतास तर."

मी तडक घरी आले. माझा बाप ज्या तासात मोठा होत गेला, त्याच तासात या बाईचा नवरा रोज दुसरीकडे जात होता. आणि तो तास आत्यानं टाइप केलेला होता. मी कपाट उघडलं, वही काढली आणि चिठ्ठी आत्यासमोर ठेवली. म्हाताऱ्या काकू काय म्हणाल्या ते सांगितलं.

आत्यानं पहिल्यांदाच मान खाली घातली. "तिला असं वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली. बराच वेळ तेवढंच म्हणत राहिली.

प्राध्यापकांनी चिठ्ठी भिंग लावून पाहिली. दोन दिवस घेतले. कुठून तरी वखारीचं जुनं रजिस्टर काढलं. त्यात पाचही जणांच्या चिठ्ठ्या सापडल्या, सात ते सात वीसमधल्या. पाच वेगवेगळ्या घरांची पाच माणसं, सगळ्यांचा बरोबर तेवढाच तास हरवलेला. तेव्हा कुठे त्यांनी चष्मा काढला आणि पान नव्यानं लिहिलं. त्यांच्या मजकुरात होतं, ‘कचेरीतील एका कारकुनाच्या नजरचुकीने’. आत्यानं ते मुद्रितावर खोडलं. कारकुनाच्या जागी टायपिस्ट लिहिलं आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव. खाली निवेदनाबद्दल आणखी एक वाक्य घातलं, ‘हे मात्र तिने जाणूनबुजून केले.’ प्राध्यापक म्हणाले, एवढ्याची गरज नाही. ती म्हणाली, "मग इतिहास अचूक हवा असं कशाला म्हणता?"

पुस्तक बाहेर यायच्या आधी काकूंना आपल्या तोंडून सांगायचं, असं तिनं ठरवलं. मी बरोबर गेले. काकू खाटेवर बसल्या होत्या. आत्या दारातच उभी राहिली आणि सगळं सांगितलं. नोटीस, पाच खुणा, राहिलेली वजाबाकी, निवेदन.

काकूंनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. "म्हणजे किती वाजले होते?"

"सात चाळीस."

"म्हणजे कुठे गेलाच नव्हता तो."

"नाही. सरळ घरी येत होता."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता रडतील, पण त्या रडल्या नाहीत. आत्याकडे पाहून म्हणाल्या, "हे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"पोरीला शाळेत मान मिळत होता," आत्या म्हणाली. "खांबावर तुझ्या माणसाचंही नाव होतं. आणि मला भर चौकात कुणी ओढून नेत नव्हतं." मग म्हणाली, "खरं म्हणजे हे शेवटचं आधी."

काकूंनी मान हलवली. क्षमा केली, असं मी म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. पुस्तक आलं की तूच येऊन वाचून दाखव. ही पोरगी नको. तू."

पुस्तक आलं. गावानं काय केलं? आमच्या दाराला दोनदा डांबर फासलं. मला भाषणाला बोलवत नाहीत. खांबावरचे शब्द बदलायचे की नाही यावर नगरपालिकेत अजून भांडणं चालू आहेत. वाण्याकडे गेलं की लोक बोलायचे थांबतात, आणि आम्ही निघालो की परत सुरू होतात. आत्या म्हणते, थांबू देत.

दर गुरुवारी चार वाजता ती पुस्तक पिशवीत घालून तीन जिने उतरते. मी एकदा म्हटलं, पाऊल सुजलंय, आज मी जाते. ऐकलं नाही. एकदा मी मागोमाग जाऊन खिडकीतून पाहिलं. ती तेच एक पान वाचते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःच्या नावासकट. सात चाळीस आलं की काकू हात वर करतात आणि ती ते वाक्य पुन्हा वाचते. पान संपलं की काकू म्हणतात, जा आता. आठ महिने झाले. काकूंनी तिला अजून एकदाही बस म्हटलेलं नाही. आत्या उभ्यानंच वाचते.